दुपारची बॅटरी

लिफ्ट तपासणाऱ्या माणसाला लोक सगळ्यात आधी भुतांबद्दल विचारतात. रिकामी लिफ्ट आपोआप वरच्या मजल्यावर का जाते, बंद होत आलेलं दार मधेच का उघडतं, आत कुणी नसताना ती वजन का दाखवते. माझं उत्तर वर्षानुवर्षं तेच आहे: सेन्सरवर धूळ बसली आहे. फडकं मारलं की भूत उतरतं. एका इमारतीच्या व्यवस्थापकांना हे उत्तर इतकं पुळचट वाटलं की त्यांनी दुसरा तपासनीस बोलावला. त्यानेही फडकंच मारलं. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकून मला कुणी भोळसट समजू नये.

लॅपटॉप मी घेतला तो अप्पांसाठी. अप्पा म्हणजे माझे वडील. लॅपटॉप म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही आणि असायची गरजही नाही. त्यांनी आयुष्यभर शिंपीकाम केलं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नाव आठवायच्या आधी त्यांना माप आठवायचं. चेहरे काय, बदलतात, म्हणायचे. खांदा बदलत नाही. गेल्या वर्षापासून मात्र त्यांचं विसरणं वाढत गेलं. आधी वस्तू गेल्या, मग शब्द गेले, मग माणसं जायला लागली. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला त्यांनी एकदा "आपण कोण?" विचारलं, ते आम्ही हसण्यावारी नेलं. पुढे माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, फोन आला आणि त्यांनी तिला "कुणाचं माप घ्यायचंय?" असं विचारलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "माणसं एकेक करून पुसली जातील," त्या म्हणाल्या. "जो सगळ्यात जास्त वेळ समोर बसतो, तो सगळ्यात शेवटी जातो. गोळ्या लिहून देते, पण खरं औषध तेच आहे."

मी घरी येईपर्यंत ते वाक्य घोळवत होतो. दिवसभर मी लोकांच्या लिफ्टच्या डोक्यावर चढलेला, आणि संध्याकाळी घरी आलो की अहवाल लिहायला मागच्या खोलीत कोंडलेला. अप्पांच्या समोर मी बसायचो कधी? जेवताना. तेही ताटाकडे बघत.

आमचं घर सरळ एका रेषेत आहे. पुढच्या खोलीत खिडकीपाशी अप्पांची खुर्ची, त्यांचं पायाचं शिलाई मशीन आणि गिऱ्हाइकाला बसायचं लाकडी स्टूल. मधे स्वयंपाकघर. मागे माझी खोली, टेबल आणि प्लग. जुन्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती, वजन वरवंट्याएवढं होतं आणि वायर लावल्याशिवाय तो डोळा उघडत नसे. एकदा हौसेने ती वायर पुढच्या खोलीपर्यंत ओढून मी अप्पांजवळ बसलो होतो. अप्पा उठले, वायरीत पाय अडकला आणि मनगट मोडलं. तेव्हापासून ताईचं फर्मान आहे: पुढच्या खोलीत जमिनीवर पुन्हा वायर दिसली, तर अप्पांना ती आपल्याकडे घेऊन जाणार. ताई बोलते ते करते.

म्हणून हा नवा. इतका पातळ की हातात घेतल्यावर आत काही भरायचं राहून गेलंय की काय असं वाटावं. दुकानातला माणूस म्हणाला, "दिवसभर चालेल, सर. चार्जर कपाटात टाकून द्या." मला तेवढंच ऐकायचं होतं.

रविवारी पुढच्याच खोलीत, मशीनच्या पाटावर ठेवून मी तो सुरू केला. आजकालची यंत्रं कुलूप चेहऱ्याने उघडतात. पडद्यावर अक्षरं आली: ‘चेहरा नोंदवू या. कॅमेऱ्याकडे पाहा.’ वरच्या कडेला मोहरीएवढा पांढरा दिवा लागला. मी स्टुलावर बसलो आणि लक्षात आलं, चष्मा नाही. काम करताना मी चष्म्याशिवाय नसतो. उठलो, मागच्या खोलीत टेबल, खण, उशीखाली सगळीकडे शोधला. चष्मा माझ्याच खिशात होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. परत आलो तर पडद्यावर ‘झालं’ अशी अक्षरं होती. समोर रिकामं स्टूल होतं आणि अप्पा खिडकीकडे तोंड करून सुईत दोरा ओवत होते.

"अप्पा, तुम्ही डोकावलात का यात?"

"मी कशाला डोकावू? तू बसलायस की तिथे," अप्पा पाठ न वळवता म्हणाले.

मी म्हटलं, उठायच्या आधीच त्याने मला टिपलं असणार. नवी यंत्रं चपळ असतात. ‘आणखी चांगलं ओळखण्यासाठी पुन्हा एकदा?’ असं लॅपटॉप विचारत होता, म्हणून चष्मा लावून पुन्हा बसलो. पुन्हा ‘झालं’. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मी अप्पांच्या समोर स्टुलावर बसून अहवाल लिहिला. मांडीवर लॅपटॉप, कुठेही वायर नाही. अप्पांनी मधेच हात लांब करून माझे दोन्ही खांदे चाचपले. ही त्यांची रोजची खोड. "उजवा उतरलाय," ते म्हणाले. अवजारांची पिशवी वाहून वाहून माझा उजवा खांदा बोटभर खाली आला आहे, आणि ते मला रोज ऐकवतात. मला इतकं बरं वाटलं की अहवालात एक मजला चुकला.

नव्याची नवलाई तेवढ्या एका संध्याकाळची.

सोमवारी सकाळी बॅटरी पूर्ण भरून, झाकण मिटून, मी तो मागच्या खोलीत टेबलावर ठेवून कामावर गेलो. आमच्या कामात हात ग्रीसने भरलेले असतात. असल्या नाजूक वस्तू तिथे नेत नाहीत. संध्याकाळी येऊन झाकण उघडलं तर बॅटरी तळाला गेलेली. काही मिनिटांत पडदा काळा झाला. मी मुकाट्याने मागच्या खोलीत प्लगपाशी जाऊन बसलो. पुढच्या खोलीतून अप्पांचं खाकरणं ऐकू येत होतं.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. मी सगळं बंद करून पाहिलं, पडद्याचा उजेड कमी केला, काय काय काढून टाकलं. सकाळी भरलेला, संध्याकाळी रिता. आणि हात लावला की खालची बाजू कोमट. मिटलेल्या, न वापरलेल्या यंत्राने कोमट का असावं? माझ्या धंद्यात गरम मोटर म्हणजे चाललेली मोटर.

ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड कशाला घेतलास? परत कर."

"परत करून काय? जुन्याला वायर लागते."

"वायर नको," ताई लगेच म्हणाली.

अप्पांची तब्येत मात्र त्याच दिवसांत सुधारायला लागली. सकाळी येणाऱ्या मावशी, ज्या अप्पांचं जेवणखाण करून, त्यांना दुपारी झोपवून जातात, त्या म्हणाल्या, "दादा, आज त्यांनी माझं नाव घेतलं. महिन्यात पहिल्यांदा." एके संध्याकाळी मी आलो तर मशीनच्या सुईखाली कापड होतं. मनगट मोडल्यापासून अप्पांनी मशीनला हात लावला नव्हता.

"काय शिवताय, अप्पा?"

"तुला शर्ट. दुपारी माप घेतलं की नाही!"

"दुपारी मी कामावर असतो."

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विसरतोय तो मीच. "बरं, बरं," ते म्हणाले आणि पाय मारायला लागले. मी वाद घातला नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, खोडून काढू नका.

शर्ट झाला तेव्हा त्यांनी तो मला घालायला लावला. हातशिलाई थोडी वाकडी होती, पण कापडाची बेतणी तीच, त्यांची जुनी. फक्त उजव्या खांद्यावर कापड उभं राहत होतं, चुणी पडत होती. अप्पांनी ती चुणी दोन बोटांत धरली.

"असं कसं? दुपारी बरोबर बसला होता," ते म्हणाले. "दुपारी खांदा सरळ असतो तुझा."

शर्ट मी हँगरला लावून मशीनमागच्या खुंटीवर टांगला. हसून घेतलं खरं, पण त्या रात्री जेवण नीट गेलं नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट. आमच्या स्वयंपाकघरातला नळ म्हणजे हट्टी म्हातारा आहे. बंद केल्यावर त्याला वर जरासा पीळ द्यावा लागतो, आणि पीळ देताना मूठ किंचित उचलावी लागते, नाहीतर तो ठिबकत राहतो. ताईला ते जमत नाही, मावशींना जमत नाही, अप्पांचं मनगट तर आता कामाचं नाही. रोज संध्याकाळी घरात शिरलो की तो टपटप आवाज आणि मी जाऊन बंद करणं, हे ठरलेलं. त्या आठवड्यात माझ्या ध्यानात आलं की मी कित्येक संध्याकाळी नळाला हात लावलेला नाही. तो बंदच असायचा.

"मावशी, जमायला लागलं की तुम्हाला नळाचं," मी कौतुक केलं.

"मला कुठे जमतंय? मी तर बादली लावून जाते खाली."

बादली कोरडी असायची.

शेवटी मी लॅपटॉप दुरुस्ती केंद्रात नेऊन दिला. काउंटरमागच्या तंत्रज्ञ बाईंनी तो दोन दिवसांसाठी ठेवून घेतला. मला वाटलं, एकदाचा निकाल लागेल. पण ते दोन दिवस अप्पांनी धड खाल्लं नाही. मावशी सांगत होत्या, स्टुलाकडे बघत बसतात, दुपारचे झोपत नाहीत, दाराशी जाऊन येतात. दुसऱ्या संध्याकाळी मी समोर जाऊन बसलो तर अप्पा रुसल्यासारखे म्हणाले, "दोन दिवस आला नाहीस."

"रोज येतो की, अप्पा. आत्ता समोरच आहे."

"संध्याकाळी येतोस रे. दुपारी नाही आलास."

तंत्रज्ञ बाईंनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "बॅटरी उत्तम आहे, सर. आमच्याकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत व्हिडिओ लावून ठेवला, अर्धीही उतरली नाही. घरी कोण वापरतं?"

"कुणी नाही. दिवसभर मिटलेला असतो."

"मिटलेला नसतो." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर बॅटरी कधी आणि कशाने खर्च झाली याची आकृती होती. सकाळ सपाट, आणि दुपार भिंतीसारखी उभी. पडदा चालू. कॅमेरा चालू. रोज. "चोरीबिरीचं असेल म्हणून मी नीट पाहिलं," त्या म्हणाल्या, "पण पासवर्डने उघडलेला नाही. चेहऱ्याने उघडलाय. दुपारी घरी कोण असतं?"

"वडील. ते त्याला हातही लावत नाहीत."

लॅपटॉप पिशवीत घालून देताना त्या म्हणाल्या, "पासवर्ड बदला, सर. काय ते सगळं बदला."

मी घाबरलो होतो, पण माणसाला घाबरलो होतो. दुपारी अप्पा एकटे असतात हे हेरून कुणीतरी घरात शिरतंय, यापलीकडे माझी बुद्धी गेली नाही. दाराचं कुलूप बदललं. खालच्या पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, दुपारी तुमच्याकडे कुणीच येत नाही, चिटपाखरूसुद्धा नाही. यात चार दिवस गेले. राहता राहिल्या मावशी. मला त्यांना विचारताना लाज वाटली, तरी विचारलं.

"मावशी, राग मानू नका. तुम्ही गेल्यावर घरात कुणी येतं का? किल्ली दुसऱ्या कुणाला दिलीय?"

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "मला काय विचारता, दादा? दुपारी तुम्हीच तर असता."

"मी?"

"परवा मी डबा विसरले म्हणून परत आले नव्हते का! तुम्ही मागे टेबलाशी बसला होतात. पाठमोरे. मी म्हटलं, आज लवकर आलात? तुम्ही मान हलवलीत. कामात होतात म्हणून मी बोलले नाही जास्त." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच होतात ना?"

परवा दुपारी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका इमारतीच्या गच्चीवरच्या यंत्रखोलीत होतो. सोबत दोन माणसं होती. आम्ही तिघं मिळून एक दोर बदलत होतो.

मी मावशींना "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या संध्याकाळी लॅपटॉप प्लगला लावून मी सेटिंगमध्ये शिरलो. चेहऱ्यांच्या पानावर फोटो नव्हते, नावं नव्हती. फक्त दोन ओळी होत्या. ‘चेहरा १’. ‘चेहरा २’.

दोन. म्हणजे माझ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी आपला चेहरा यात घातला होता. भीतीच्या जागी राग आला, आणि राग आल्यावर मला बरं वाटलं, कारण आता करण्यासारखं काहीतरी होतं. आमच्याकडे यंत्रखोलीच्या दोन किल्ल्या निघाल्या की नियम सोपा असतो: पहिली मालकाची, नंतरची बनवलेली. नंतरची रद्द करायची. मी ‘चेहरा २’वर बोट ठेवलं. ‘काढून टाकायचा? हे परत आणता येणार नाही.’ मी ‘हो’ दाबलं.

पडदा क्षणभर काळा झाला आणि कुलूप लागलं. वरचा मोहरीएवढा दिवा लागला. मी नेहमीसारखं पाहिलं.

‘ओळख पटली नाही.’

चष्मा काढून पाहिलं. लावून पाहिलं. दिव्याखाली जाऊन पाहिलं. ‘ओळख पटली नाही.’ शेवटी पासवर्ड घालून उघडला आणि म्हटलं, नव्याने नोंदवू. दिवा लागला, लगेच विझला. ‘हा चेहरा आधीच नोंदवलेला आहे.’

तेव्हा मला तो रविवार आठवला. पहिल्या वेळी मी मागच्या खोलीत चष्मा शोधत होतो. स्टूल रिकामं होतं. परत आलो तेव्हा ‘झालं’ लिहून आलेलं होतं. चष्मा लावून बसलो तो दुसऱ्यांदा. दुसरा मी होतो. मी मलाच काढून टाकलं होतं.

"कोण आहे आत?" पुढच्या खोलीतून अप्पांनी विचारलं.

मी जवळजवळ धावतच गेलो. स्टुलावर बसलो, त्यांच्या गुडघ्यांना माझे गुडघे लागतील इतका जवळ. "मी आहे, अप्पा."

अप्पांनी चष्मा सारखा केला. माझ्या चेहऱ्यावरून त्यांची नजर फिरली, सावकाश, आणि कुठेच अडली नाही. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि माझे खांदे चाचपले. डावा. उजवा. उजव्यावर त्यांचा हात थांबला. मी वाट पाहत होतो. उतरलाय, एवढंच म्हणायला हवं होतं त्यांनी.

"नाही," अप्पा म्हणाले. हात मागे घेऊन त्यांनी मांडीवर ठेवले. आवाज गिऱ्हाइकाशी बोलायचा होता, मऊ. "तुमचं माप नाही माझ्याकडे."

"अप्पा, मी तुमचा मुलगा."

"मुलगा दुपारी असतो," ते म्हणाले. "दुपारी या. तो सांगेल."

मला रडू आलं, आणि मी त्यांच्यासमोर बसूनच रडलो. अप्पांनी भिडेखातर नजर खिडकीकडे वळवली. परक्या माणसाला रडताना पाहू नये, ही त्यांची जुनी शिकवण.

ताईला फोन केला. काय सांगायचं ते सुचेना. "अप्पा मला विसरले," एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "असं कसं? आज दुपारी मी फोन केला तेव्हा तुझंच कौतुक चाललं होतं. माझ्याशी बोलायला तूच तर दिलास त्यांच्याकडे फोन." आणि मग, "ऐकतोयस ना? तुझा आवाज वेगळा का येतोय?"

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. मी घरातच राहिलो तर ते स्टूल रिकामं राहणार नाही, इतका साधा हिशेब होता. डॉक्टरीणबाईंचंच औषध. जो सगळ्यात जास्त वेळ समोर बसतो, तो सगळ्यात शेवटी जातो. मी दिवसभर बसणार होतो. उद्याही, परवाही, नोकरी गेली तरी.

मावशी काम आटोपून गेल्या. जाताना त्यांनी मला दारात विचारलं, "येऊ ना मी, दादा?" आणि उत्तराची वाट न पाहता जिना उतरल्या. मी दाराला आतून कडी घातली. मागच्या खोलीचं दार बंद केलं. लॅपटॉप सकाळपासून पूर्ण भरलेला होता. तो मिटून मांडीवर घेतला, दोन्ही हात वर ठेवले आणि स्टुलावर अप्पांच्या समोर बसलो. स्टुलावर बसलं की स्वयंपाकघर पाठीशी येतं.

अप्पा माझ्याकडे पाहून अदबीने हसले. "बसा," म्हणाले. थोड्या वेळाने त्यांची मान कलली आणि डोळा लागला.

दुपार झाली. रस्त्यावरचे आवाज कमी झाले. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मावशींनी बादली लावलेली असणार, थेंबाचा आवाज बादलीतला होता. मला उठून बंद करावासा वाटत होता, पण स्टूल सोडायचं नव्हतं. मशीनमागची खुंटी माझ्या समोरच होती. हँगर होता. त्यावर शर्ट नव्हता.

मांडीला ऊब लागली.

आधी मला वाटलं, माझ्याच हातांची. मग ती वाढली. मी झाकण बोटभर उचललं. आत उजेड होता.

मी ते पूर्ण उघडलं. कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत उतरत होता, लिफ्ट खाली येताना मजल्यांचे आकडे उतरतात तसा, एकामागून एक, कुठेही न थांबता. वरचा दिवा लागलेला होता. कॅमेरा माझ्याकडे पाहत होता. माझ्याकडे, आणि माझ्या खांद्यावरून मागे.

‘ओळख पटली,’ अक्षरं आली.

थेंबांचा आवाज थांबला.

अप्पांनी डोळे उघडले. त्यांचा सगळा चेहरा उजळला, कित्येक महिन्यांत मी पाहिला नव्हता असा.

"आलास?" ते म्हणाले.

"हो, अप्पा," मी म्हणालो.

पण अप्पांची नजर माझ्यावर नव्हती. ती माझ्या डोक्याच्या थोडी वर होती, माझ्यामागे कुणी उभं असावं तशी.

"हे गृहस्थ मघापासून बसलेत," अप्पा म्हणाले. "त्यांना पाणी दे रे."

मी वळलो नाही. मला वळता आलं नाही.

स्वयंपाकघरात नळ सुरू झाला. भांडं भरत आलं की पाण्याचा सूर बदलतो, तसा बदलला. मग नळ बंद झाला, वर जरासा पीळ बसल्याचा आवाज आला, आणि एकही थेंब ठिबकला नाही.